बत्तीस दातांची किल्ली

४ मार्च, मंगळवार

अप्पा आज राहायला आले. अप्पा म्हणजे माझे सासरे. सामान फारसं नाही. एक सूटकेस, एक काठी आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत त्यांची दात काढायची हत्यारं आहेत. दवाखाना बंद करून जमाना झाला, पण पेटी काही सुटत नाही. बायको म्हणाली, "राहू द्या हो, त्यांचा जीव आहे त्यात." मी म्हटलं, "राहू दे, फक्त माझ्या तोंडापासून लांब ठेव."

मेहुण्याच्या घराची दुरुस्ती चालू आहे. ती संपेपर्यंत अप्पा आमच्याकडे. "महिनाभरच, दाजी," तो फोनवर म्हणाला. मी म्हटलं, "महिनाभर कशाला, वर्षभर राहू देत की!" आणि फोन ठेवून कॅलेंडरवर तीस तारखेला गोल केला. रविवार आहे. बरं पडेल.

इथे खरं लिहितो, कारण दुसरीकडे लिहिण्याची सोय नाही. माणूस वाईट नाही. पण त्यांचा सगळा जन्म समोरच्याचं तोंड उघडं ठेवून त्याला बोलू न देण्यात गेला. त्यांच्यासमोर बसलं की मला अजून तसंच वाटतं. मुलगी मागायला गेलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "पडदे विकता? म्हणजे, कापड?" तेव्हापासून आमचं बोलणं हवा आणि रस्त्यावरची गर्दी यापलीकडे गेलेलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

अप्पा टीव्हीसमोर बसतात, पण बघत नाहीत. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यांना मासेमारीचा चॅनल हवाय. सासूबाई असताना दोघं मिळून बघायचे. एक माणूस तळ्याकाठी गळ टाकून बसतो. बस्स. तासभर काहीच होत नाही. कधीतरी मासा लागतो, तोही तो परत पाण्यात सोडून देतो.

"मग धरतो कशाला?" मी विचारलं.

"दात बघायला," अप्पा म्हणाले.

हा विनोद होता की काय, ते कळलं नाही. मी हसायच्या बेतात होतो, पण त्यांचा चेहरा बघून आवरतं घेतलं.

पूर्वी हा चॅनल फुकट दिसायचा. आता कुलूपबंद आहे. बायकोने कंपनीला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, तुमच्या भागात हा चॅनल दिला जात नाही. बायको म्हणाली, "मग आम्ही दुसऱ्या भागात येऊन बसू का? तुमच्याकडे जागा आहे?" तिकडून फोन ठेवला गेला.

९ मार्च, रविवार

व्होल्टेजला बोलावलं. व्होल्टेज म्हणजे आमच्या गल्लीतला टीव्ही दुरुस्त करणारा. एका जागी स्थिर बसत नाही म्हणून हे नाव. त्याने कुठून तरी एक जुना रिसीव्हर आणला, गच्चीत पाण्याच्या टाकीमागे डिशची छत्री बसवली आणि मला समजावून सांगितलं. कंपनीच्या डब्यात एक कार्ड असतं. ते कुलूप उघडतं तेव्हा चित्र दिसतं. आपल्या डब्यात कार्ड नाही. आपल्या डब्यात एक प्रोग्राम आहे, तो 'मीच कार्ड आहे' असं सोंग करतो.

"आणि डब्याला ते खरं वाटतं?"

"शेठ, सोंग चांगलं असलं की सगळ्यांनाच खरं वाटतं. फक्त किल्ली बरोबर पाहिजे."

किल्ली म्हणजे बत्तीस अक्षरं. शून्य ते नऊ आकडे आणि ए पासून एफपर्यंत अक्षरं, वाटेल तशी मिसळलेली. कंपनी ती अधूनमधून बदलते. मग इंटरनेटवर एका कट्ट्यावर हौशी लोक नवी किल्ली शोधून टाकतात. तिथे 'तिरपी छत्री' नावाचा कुणी एक उस्ताद आहे. मीही तिथे नाव नोंदवलं, 'पडदानशीन'.

बायको म्हणाली, "ही चोरी आहे." मी म्हटलं, "विकत मागितलं, दिलं नाही. आणि ते आपल्या गच्चीवर येऊन पडतंय. मी त्यांच्या गच्चीवर गेलोय का?" ती म्हणाली, "हे कोर्टात सांगा." पण चहा तिनेच केला सगळ्यांना.

अप्पा अचानक म्हणाले, "बत्तीस?"

"हो अप्पा, बत्तीस."

"हं," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

१० मार्च, सोमवार

चित्र झकास. तळं, धुकं, टोपीवाला माणूस. अप्पा दिवसभर बघत होते. मी संध्याकाळी दुकानातून आलो तर म्हणाले, "बसा की, जावईबापू." मी म्हटलं, "नको, मापं काढायची आहेत." आत जाऊन पडलो. एक काम मार्गी लागलं.

१३ मार्च, गुरुवार

कंपनीने किल्ली बदलली! संध्याकाळी घरी आलो तर काळा पडदा आणि अप्पा त्याच्यासमोर हात बांधून बसलेले. कट्ट्यावर तिरपी छत्रीने नवी किल्ली टाकली होती. मी फोनवरून वाचून रिमोटने एकेक अक्षर घालत होतो. तीनदा चुकलो. चौथ्यांदा अप्पा म्हणाले, "असं नाही. आणा इकडे तो फोन."

त्यांनी किल्लीचे दोन भाग केले. पहिली सोळा अक्षरं वरचा जबडा, दुसरी सोळा खालचा. "वरचा जबडा, उजवीकडून सुरू करा. अक्कलदाढ सात. दाढ डी. पुढची दाढ डी..." असं करत करत सुळे, समोरचे दात, पुन्हा दाढा. मग खालचा जबडा. शेवटची अक्कलदाढ घातली आणि तळं दिसलं!

मी टाळ्या वाजवल्या. मोठ्या माणसासमोर शोभत नाही, पण वाजवल्या. अप्पा हसले. लग्नाच्या फोटोतसुद्धा हा माणूस हसलेला नाही. त्यांचे स्वतःचे दात आहेत अजून, हे मला आजच कळलं.

मापं काढायची राहिली.

१५ मार्च, शनिवार

पुन्हा गेलं. कट्ट्यावर नवी किल्ली नाही. मी म्हटलं, आता वाट बघायची. अप्पा म्हणाले, "आधी तपासणी. बत्तीशी काढा." मी डब्यातली किल्ली वाचत गेलो, ते फोनमधली बघत गेले. खालच्या जबड्यापर्यंत पोचलो आणि ते म्हणाले, "डावीकडची दुसरी दाढ. तिथे बी हवा, तुमच्याकडे आठ आहे."

खरंच आठ होता! पण परवा मीच बी घातला होता आणि चित्र आलं होतं. आपोआप बदलला कसा?

"किडतात," अप्पा म्हणाले. "काळजी घेतली नाही की किडतात."

१७ मार्च, सोमवार

आज सुळा किडला. डीचा शून्य झाला होता. अप्पांनी पटकन पकडला. मी अजून वरची ओळ वाचत होतो, तर म्हणाले, "खाली बघा, खाली." काय नजर आहे या वयात!

बायकोला म्हटलं, यात एक सूत्र आहे. कंपनी नेहमी दुपारी मारते. मी दुकानात असतो नेमकं तेव्हा.

"कंपनीला तुमचं वेळापत्रक माहीत असणार," ती म्हणाली आणि भांडी घासायला वळली. तिचे खांदे हलत होते. भांडी फार जोरात घासते ती.

१९ मार्च, बुधवार

व्होल्टेजकडे गेलो. त्याच्या दुकानात तोच चॅनल, तीच किल्ली, आठवडाभर न चुकता चालू आहे. याचा अर्थ एकच. कंपनी सगळ्यांना त्रास देत नाही. मला देते.

कट्ट्यावर लिहिलं, "कंपनी आकाशातून एकाच घराच्या डब्यात शिरून एकच अक्षर बदलू शकते का?" तिरपी छत्रीचं उत्तर आलं, "नाही. घरात अजून कोण आहे?" मी लिहिलं, "बायको, आणि वृद्ध सासरे, ज्यांना रिमोटचं आवाजाचं बटणसुद्धा सापडत नाही." त्याने नुसतं हसणारं तोंड पाठवलं. एवढा उस्ताद, पण गांभीर्य नाही.

आता दुकान तासभर लवकर बंद करतो. कारागीर विचारत होता, तब्येत बरी आहे ना. घरी आलो की अप्पा दारातच सांगतात, आज कुठला दात. मग आम्ही बसतो. तपासणी चालू असताना ते गोष्टी सांगतात. एका पैलवानाची दाढ काढायची होती तर तो सुई बघूनच खुर्चीसकट पडला. एका बाईने नवऱ्याची कवळी दुरुस्तीला आणली आणि म्हणाली, "सावकाश करा, घाई नाही." मी इतका हसलो की किल्ली पुन्हा पहिल्यापासून घालावी लागली.

२२ मार्च, शनिवार

आज वेगळाच प्रकार. पडद्यावर 'सिग्नल नाही'. म्हणजे किल्लीचा प्रश्न नाही, छत्रीचा. अप्पा म्हणाले, "मीही येतो गच्चीत." मी म्हटलं, जिने आहेत, गुडघे दुखतील. ते माझ्या पुढे चढले.

वायर छत्रीपासून सुटली होती. वायरच्या टोकाची पिळाची टोपी अगदी व्यवस्थित फिरवून काढलेली. वाऱ्याचं काम. शेजारीच एक लहानसा चिमटा पडलेला, पुढून वाकडा, चकचकीत. मी म्हटलं, "प्लंबर विसरला वाटतं." अप्पांनी तो उचलून खिशात टाकला. "असू दे. चांगल्या पोलादाचा आहे."

वायर मी जोडली. मग उन्हं उतरेपर्यंत टाकीच्या कठड्यावर बसलो. अप्पा सासूबाईंबद्दल बोलले. आजवर कधी बोलले नव्हते. म्हणाले, तिला मासे बिलकूल आवडायचे नाहीत, ना खायला ना बघायला. "मग चॅनल का बघायच्या?"

"मी बघायचो म्हणून. आणि मी बघायचो, कारण त्या वेळात ती शेजारी बसायची." मग खिशातला चिमटा काढून बोटांत फिरवला. "दवाखान्यात मी लोकांना बोलू दिलं नाही, आणि घरी स्वतः बोललो नाही. ती मात्र सगळ्याला पुरून उरली. चल, उठ, तुझी बायको ओरडेल."

'चल' म्हणाले. 'उठ' म्हणाले. 'चला, उठा' नाही. खाली आल्यावर हिला सांगितलं, तर तिने डोळ्याला पदर लावला. म्हटलं, अगं, त्यात रडण्यासारखं काय? म्हणाली, कांदा चिरत होते. कांदा कुठे दिसला नाही मला.

२४ मार्च, सोमवार

कंपनीला मात दिली! व्होल्टेजने डब्यातल्या किल्लीच्या पानाला परवलीचा आकडा लावून दिला. आता तो आकडा घातल्याशिवाय आत कुणी शिरू शकत नाही. आकडा फक्त मला माहीत. गच्चीतल्या टोपीवर चिकटपट्टी गुंडाळली. या आता म्हणावं!

अप्पांना सगळं दाखवलं. ते म्हणाले, "वा." आवाजात दम नव्हता. थकले असतील.

२६ मार्च, बुधवार

चित्र एकदाही गेलं नाही. कंपनी हरली. अप्पा मात्र बरे दिसत नाहीत. जेवण अर्ध्यावर टाकतात. मी आलो की मान हलवतात, आणि परत तळ्याकडे बघतात. काल दुकानात उशिरापर्यंत थांबलो, लवकर यायचं काही कारणही नव्हतं.

बायको म्हणाली, "तो आकडा काढून टाका."

"का?"

"काढा म्हणते ना."

"अगं, कंपनी पुन्हा..."

"येऊ दे कंपनीला. तिचंही घर आहे हे."

हिच्या बोलण्याचा कधी कधी अर्थ लागत नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही गोष्टी न समजता करायच्या असतात. काढला.

२७ मार्च, गुरुवार

अपेक्षेप्रमाणे दुपारी हल्ला. एकदम तीन दात. अप्पा दारात उभे होते, म्हणाले, "आज फार वाईट परिस्थिती आहे, लवकर बस." जेवताना दोनदा वाढून घेतलं त्यांनी. संकटात काही माणसांची भूक वाढते.

२८ मार्च, शुक्रवार

मेहुण्याचा फोन. घर तयार आहे. रविवारी सकाळी येतो, दुपारच्या गाडीने अप्पांना नेतो. त्यांच्यासाठी वेगळी खोली, भिंतीएवढा टीव्ही, सहाशे चॅनल, सगळे कायदेशीर.

मी म्हटलं, "वा, छान!" फोन ठेवला. कॅलेंडरवरचा गोल दिसला. मीच काढलेला. तिथे आता बघवत नव्हतं, म्हणून पान उलटून एप्रिल लावला. बायको म्हणाली, महिना अजून संपायचाय.

अप्पांना सांगितलं. "हं," म्हणाले. जुना 'हं'. आज एकही दात किडला नाही.

मुलाकडे जाणं योग्यच आहे. तिथे वेगळी खोली आहे. इथे ते दिवाणखान्यात झोपतात आणि सकाळी आमच्या पाण्याच्या पंपाचा आवाज त्यांना उठवतो. मुलगा मुलगा असतो, जावई जावई. मी पडदेवाला. हे सगळं स्वतःला समजावलं. पटत होतं, तरी डब्यातली किल्ली उगाच दोनदा तपासून बघितली.

२९ मार्च, शनिवार

आज खरोखर किल्ली बदलली. व्होल्टेजकडेही काळोख. कट्ट्यावर सगळे ओरडतायत, तिरपी छत्री गप्प. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. बायकोने अप्पांची सूटकेस भरली. एकाच सदऱ्याची तिने तीनदा घडी केली.

३० मार्च, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं, कारण यात माझं वागणं बरोबर नाही.

मेहुणा सकाळी आला. अप्पा कपडे करून तयार, सूटकेस दाराशी. पण खुर्चीतून हलेनात.

"अप्पा, निघायचं ना?"

"चित्र लागू दे. मग निघू."

"अहो, तिकडे सहाशे चॅनल आहेत."

"मासे आहेत?"

मेहुण्याने फोनमध्ये यादी तपासली. मासे नव्हते. स्वयंपाकाच्या चॅनलवर होते, पण ते अप्पांनी मान्य केले नाहीत.

"हे बघ," अप्पा म्हणाले, "तोंडात कापूस ठेवून पेशंटला घरी पाठवत नाहीत. काम अर्धवट टाकून मी कधी उठलेलो नाही. यांची किल्ली लागू दे, की मी आलोच."

मेहुणा माझ्याकडे वळला. "दाजी, बघा ना काहीतरी. गाडी चुकेल."

मी फोन घेऊन गॅलरीत गेलो. कट्टा उघडला. किल्ली आली होती! बत्तीसच्या बत्तीस, खाली तिरपी छत्रीची सही. आत जाऊन घालायची, तळं दिसणार, अप्पा उठणार. सरळ काम.

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. ती सुरू होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

आत आलो. म्हटलं, "आली एक किल्ली. बघू." सगळ्यांसमोर एकेक अक्षर घातलं. शेवटी एफ होता. मी ई घातला.

काळा पडदा.

"नाही लागली," मी म्हटलं. स्वतःचा आवाज मलाच चोरासारखा वाटला.

"नीट बघा हो," मेहुणा म्हणाला. "एखादं अक्षर चुकलं असेल. द्या, मी बघतो."

"तू थांब," अप्पा म्हणाले. "ते माझं काम आहे."

त्यांनी माझा फोन डाव्या हातात धरला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडद्याशी जाऊन उभे राहिले. वरचा जबडा. दाढा, सुळे, समोरचे. खालचा जबडा. बोट एकेका अक्षरावरून सरकत होतं. शेवटच्या अक्कलदाढेपाशी ते थांबलं. बराच वेळ थांबलं. मग ते वळून माझ्याकडे बघत राहिले. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

"सगळे दात जागच्या जागी आहेत," अप्पा म्हणाले. "याने काही चूक केलेली नाही. कंपनीच बदमाश आहे."

मेहुणा आणखी थोडा वेळ बसला. घड्याळ बघितलं. शेवटी म्हणाला, "मग असं करू का, पुढच्या महिन्यात येतो?"

"घाई नाही," अप्पा म्हणाले. "किल्ली लागली की कळवेल हा."

बायकोने भावाला डबा भरून दिला, आणि तो एकटाच गाडीला गेला. दार लागल्यावर तिने सूटकेस उचलली आणि कपडे कपाटात लावायला लागली. मी विचारलं, "अगं, आत्ताच?" ती म्हणाली, "तुम्ही दोघं म्हणजे ना..." आणि कपाटात तोंड घालून खोकत बसली. खोकला की हसू, पाठीवरून कळत नव्हतं.

संध्याकाळी मी सहज केल्यासारखं रिमोट घेतला आणि ईचा एफ केला. तळं आलं. टोपीवाला माणूस आला.

"लागलं की!" अप्पा म्हणाले. "कसं काय?"

"कंपनीने सुधारलं असेल."

"असेल. लहरी आहे कंपनी. मेहुण्याला कळवणार का तुझ्या?"

"बघू. आज त्याचा प्रवास झालाय, दमला असेल."

"हो. दमला असेल," अप्पा म्हणाले आणि माझ्यासाठी खुर्ची सरकवली.

आता लिहिताना मात्र खंत वाटते. शेजारी बसून तासभर मासे बघितले, पण नजर वर करून त्यांच्याकडे बघवेना. या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला. मुलासमोर माझी बाजू घेतली. मी त्यांना पहिल्यांदाच फसवलं आणि ते किती सहज फसले! एका आडव्या रेघेचा तर फरक, ई आणि एफ. आठवड्यापूर्वी त्यांनी तो लांबून पकडला असता. आज बोट त्याच्यावर ठेवून उभे होते, तरी दिसला नाही. वय झालंय. आपल्याला रोज दिसतात म्हणून कळत नाही.

म्हणून आत्ता जाऊन सांगितलं, "अप्पा, उद्या दुकान उघडायच्या आधी आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ."

अप्पा तळ्यावरची नजर न काढता म्हणाले, "जाऊ की. तुझेही तपासून घेऊ."